पंधरा मिनिटांत पंचेचाळीस हजार स्फोट

अच्छाडला गुजरातची हद्द मागे पडते आणि तलासरीवरून राष्ट्रीय महामार्ग ४८ दक्षिणेकडे धावू लागतो. दापचरी, धुंदलवाडी, विवळवेढ्याची महालक्ष्मी आणि मग चारोटी नाका. हिशेबाला सोपं जावं म्हणून तलासरी ते चारोटी हे अंतर २५ किलोमीटर धरू. हाताखाली नवी कोरी, दमदार इंजिनाची आलिशान सेडान आहे, रस्ता मोकळा आहे आणि काटा ताशी १०० किलोमीटरवर स्थिर आहे. पंधरा मिनिटांत चारोटी येतं. तेवढ्या वेळात बॉनेटखाली ४५ हजार स्फोट होऊन गेलेले असतात आणि आत बसलेल्या माणसाला त्यातला एकही वेगळा ऐकू आलेला नसतो.

अशी गाडी चालवण्यात एवढं काय सुख आहे, या प्रश्नाचं उत्तर मला या आकड्यांत सापडतं. एवढं प्रचंड काम, इतक्या काटेकोरपणे, आपल्या तळपायाच्या एका हलक्या दाबावर चाललेलं असतं. ते मोजून पाहिलं की गाडीवरचं प्रेम वाढतं. पाय आपोआप थोडा हलकाही होतो.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची ३३० एलआय एम स्पोर्ट घेऊ. दोन लिटरचं चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअर, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ६.२ सेकंद. हिची जुळणी चेन्नईजवळ चेंगलपट्टूच्या कारखान्यात होते. तलासरीवरून जाणारा हा रस्ताही दिल्लीहून निघून मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळुरू करत सुमारे २,८०० किलोमीटरनंतर चेन्नईलाच संपतो. म्हणजे तलासरीत दारापुढे उभी असलेली ही गाडी आणि ती जिथे जुळवली त्याच्या शेजारचं शहर, दोन्ही एकाच हायवेवर आहेत.

पन्नासचा ठेका

आठव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला हे इंजिन मिनिटाला साधारण १,५०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर मिळून मिनिटाला ३,००० स्फोट झाले, म्हणजे सेकंदाला ५०. पंधरा मिनिटांचे ४५ हजार.

शेजारच्या डहाणूकरांना हा ५०चा आकडा नवा नाही, फक्त तो दुसऱ्या वेषात भेटतो. घरातल्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तनं असते आणि ती राखण्यासाठी औष्णिक वीज केंद्रातली टर्बाइनं मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर बांधलेली असतात. डहाणूच्या केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. खाडीकाठी फिरणारी ती अजस्र टर्बाइनं आणि हायवेवरून जाणारी ही सेडान, दोघांचा ठेका त्या पंधरा मिनिटांत जवळपास एकच असतो.

ताकदीचा हिशेब त्याहून चक्रावणारा आहे. २५८ हॉर्सपॉवर म्हणजे १९० किलोवॉट. अशा साधारण २,६३० गाड्यांची इंजिनं एकाच क्षणी पूर्ण जोरात चालवली, तर त्यांची बेरीज डहाणूच्या संपूर्ण ५०० मेगावॉटच्या केंद्राइतकी होते. माणूस सलग श्रमाच्या कामात सुमारे ७५ वॉट देऊ शकतो. त्या मापाने या एका इंजिनात अडीच हजार माणसांचं बळ आहे. चाव्यांच्या जुडग्यात मावणारं हे बळ आजवरच्या कुठल्याही राजाच्या रथाला मिळालं नव्हतं.

आता इंजिनाच्या आत जाऊ. पिस्टन वरून खाली ९४.६ मिलिमीटर जातो आणि तेवढाच परत येतो. तलासरी ते चारोटी या टप्प्यात इंजिनाचे २२,५०० फेरे होतात, म्हणजे गाडी २५ किलोमीटर पुढे जाते तेव्हा प्रत्येक पिस्टन आपल्या वीतभरही नसलेल्या खोलीतच सव्वाचार किलोमीटर चाललेला असतो. या वाटेत तो सेकंदाला ५० वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. इंजिन ६,५०० फेऱ्यांवर नेलं तर पिस्टनचा सरासरी वेग ताशी ७४ किलोमीटर होतो आणि थांबून उलटं फिरणं सेकंदाला दोनशेच्या पुढे जातं. तरीही स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना जाणवते ती फक्त एक बारीकशी जिवंत थरथर.

एका थेंबाहून कमी

लिटरला १६ किलोमीटर धरले तर या टप्प्याला सुमारे १.५६ लिटर पेट्रोल लागतं. ते ४५ हजार स्फोटांत वाटलं की एका स्फोटाच्या वाट्याला येतात साधारण ३५ मायक्रोलिटर. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर हे एका थेंबाहूनही कमी भरतं. एवढंसं पेट्रोल ३५० बारपर्यंतच्या दाबाने, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या साडेतीनशे पट दाबाने, सिलिंडरमध्ये फवारलं जातं. समुद्रात साडेतीन किलोमीटर खोल गेलं तर पाण्याचा दाब इतका होतो. हे एकदा करणं कौतुकाचं. हे यंत्र ते सेकंदाला ५० वेळा करतं आणि दर वेळी मात्रा मोजून करतं.

त्या पेट्रोलला जळायला १७ किलो हवा लागते. आकारमानात ही हवा १४ हजार लिटर. स्वस्थ बसलेला माणूस तेवढ्या पंधरा मिनिटांत साधारण ९० लिटर हवा आतबाहेर करतो. म्हणजे गाडीच्या नाकाने दीडशे माणसांचा श्वास घेतला. बाहेर जो धूर पडला त्यात सुमारे ३.६ किलो कार्बन डायऑक्साइड होता. पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ साली केंद्राने ज्या डहाणू तालुक्याला संरक्षण दिलं, त्याच तालुक्याच्या हवेत तो मिसळला. चिकूच्या वाड्यांमधून गाडी नेताना हा आकडाही सोबत असलेला बरा.

आणि हे पेट्रोल आलं कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात वाढलेल्या सूक्ष्म वनस्पतींपासून. अमेरिकी संशोधक जेफ्री ड्यूक्स यांनी २००३ साली मांडलेल्या हिशेबानुसार एका अमेरिकी गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, सुमारे ८९ टन प्राचीन वनस्पतिद्रव्य खर्ची पडलं, कारण त्यातला अगदी नगण्य अंशच शेवटी तेलात उतरतो. लिटरला हे साडेतेवीस टन होतात. तलासरी ते चारोटी या पंधरा मिनिटांच्या मजेमागे सुमारे ३७ टन वनस्पतिद्रव्य आणि ते पिकवणारं ऊन उभं आहे. पाय उगाच दाबावासा वाटेल तेव्हा हे ३७ टन आठवावेत.

२५८ पैकी सतरा

सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग टिकवायला या गाडीला खरोखर किती ताकद लागते? दोन माणसं आणि सामान धरून वजन १,८०० किलो धरू. हवेचा अडथळा कापायला सुमारे सव्वासात किलोवॉट, टायरांच्या घर्षणावर मात करायला पाचेक किलोवॉट. बेरीज बारा किलोवॉटच्या आसपास, म्हणजे १६-१७ हॉर्सपॉवर.

म्हणजे २५८ मधले सतरा कामावर आहेत आणि २४१ घोडे तबेल्यात उभे आहेत. अशा गाडीच्या सुखाचं मर्म मला याच वजाबाकीत दिसतं. छोट्या गाडीचं इंजिन हायवेवर धापा टाकत असतं आणि ती धाप चालवणाऱ्याच्या खांद्यांपर्यंत पोचते. इथे यंत्राला दम लागत नाही, म्हणून माणसालाही लागत नाही.

राखीव घोड्यांची खरी गरज पडते ती एखाद्या क्षणाला. पुढे न्हावाशेव्याकडे निघालेला लांबलचक कंटेनर आहे, उजवी लेन मोकळी आहे, आपण ८० वर आहोत आणि १०० वर जायचं आहे. या १,८०० किलोंना तेवढी उसळी द्यायला सुमारे अडीच लाख जूल लागतात. हे इंजिन ते दोन सेकंदांच्या आसपास पुरवतं. पाठ आसनात रुतते, कंटेनर मागे जातो, पाय सैल सोडला की पुन्हा सगळं शांत. त्या दोन सेकंदांचा आनंद निर्भेळ असतो आणि तो दोनच सेकंदांचा असतो म्हणून गोड असतो.

कागदाएवढी जमीन

टायरमधल्या हवेचा दाब सुमारे ३४ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.४ किलो. १,८०० किलोंना त्याने भागलं की कळतं, गाडी जमिनीला सुमारे साडेसातशे चौरस सेंटीमीटर टेकलेली आहे. चारही चाकं मिळून. कार्यालयात छपाईला वापरतात त्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटीमीटर असतं. त्याहून थोड्याशाच मोठ्या तुकड्यावर आपला संसार, आपला वेग आणि आपला जीव तोललेला असतो.

चारोटीहून डहाणूकडे वळलं की रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा होतो. शंभर मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घेतलं तर गाडीला आत वळवण्यासाठी पाच हजार न्यूटनचं बळ लागतं, म्हणजे सुमारे ५१० किलो वजनाइतकी आडवी ओढ. ती सगळी त्याच कागदाएवढ्या रबरातून येते. चांगल्या सेडानमध्ये ही पकड स्टिअरिंगमधून हाताला कळते. गाडी कलंडत नाही, जिकडे नजर तिकडे तिचं नाक वळतं. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला सरळ रस्त्यापेक्षा वळण आवडू लागतं. पावसाळ्यात मात्र त्या कागदाखाली पाण्याचा पातळ थर शिरतो आणि हा हिशेब मोडतो. तेव्हा वेग उतरवण्यातच शहाणपण असतं.

वर्गाचा नियम

वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते. शाळेत शिकलेला हा नियम हायवेवर जिवाशी येतो. १,८०० किलोंची गाडी ताशी १०० ला असताना तिच्यात सुमारे ६ लाख ९४ हजार जूल ऊर्जा असते. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर साडेतीन सेकंदांत ही सगळी ऊर्जा ब्रेक आणि टायरांच्या उष्णतेत जिरते. म्हणजे सरासरी दोनशे किलोवॉट! १९० किलोवॉटच्या इंजिनाहून ब्रेक अधिक ताकदवान असतात. माझ्या मते सगळ्या गाडीतली सर्वांत थोर कारागिरी तिथे आहे.

याहून कितीतरी मोठी ऊर्जाही या भागाने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली. धुंदलवाडीचं नाव तेव्हा राज्यभर पोचलं, माणसं थंडीत घराबाहेर झोपली. तीव्रता ४ च्या एका धक्क्यातून लहरींच्या रूपाने सुमारे ६,३०० कोटी जूल बाहेर पडतात. म्हणजे ताशी १०० ने धावणाऱ्या अशा नव्वद हजार गाड्या. पृथ्वीच्या पोटातल्या त्या शक्तीपुढे आपली गाडी क्षुल्लक आहे, पण मानवी शरीरापुढे ती मुळीच क्षुल्लक नाही.

चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. ताशी १०० ने जाणारं शरीर एकाएकी अडणं म्हणजे ३९ मीटर उंचीवरून, तेराव्या मजल्यावरून पडणं. एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते, म्हणजे इंजिनातल्या दीड स्फोटाएवढ्या वेळात. ती विलक्षण आहे, पण ती पट्ट्याच्या जोडीने काम करायला बनवलेली आहे. मागच्या आसनावरही पट्टा लावायचा, घरच्या आजीनेही आणि नातवानेही. यात तडजोड नाही.

सहा सेकंद

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. पाड्यापाड्यांतून माणसं पायी येतात, बाया डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरं घेऊन रस्ता ओलांडतात. हायवेची एक बाजू सात मीटर रुंद धरली, तर चालत ओलांडायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी १०० ची गाडी १६७ मीटर कापते. चालकाच्या मनाने प्रसंग ओळखायला एक सेकंद घेतला आणि मग ब्रेक लागले, तर ताशी ८० वरून थांबायला सुमारे ५३ मीटर लागतात, १०० वरून ७६ आणि १२० वरून १०३. ऐंशीचे एकशेवीस झाले, वेग दीडपट झाला, पण थांबण्याचं अंतर जवळपास दुप्पट. रस्ता ओलांडणारीला हे गणित माहीत असण्याची अपेक्षा नाही. ज्याच्या हाती अडीच हजार माणसांचं बळ आहे, ते त्यालाच पाठ हवं.

शंभरचा आकडा मी हिशेबापुरता घेतला. रस्त्यावर फलकावरचा आकडाच खरा. पण शेवटी एक हिशेब करूनच टाकू. तलासरी ते चारोटी ताशी १०० ने पंधरा मिनिटं लागतात आणि ८० ने पावणेएकोणीस. हवेचा अडथळा ३६ टक्क्यांनी घटतो, गतीची ऊर्जा तेवढीच उतरते, पेट्रोल वाचतं आणि राखीव घोडे आणखी वाढतात. घाईत असलेला माणूस म्हणेल, पावणेचार मिनिटं गेली. पण ज्याने इतक्या हौसेने ही गाडी घेतली, त्याला ती चालवायलाच तर हवी आहे. त्याला पावणेचार मिनिटं जास्त मिळाली.