मोटारीचे स्ट्रट

खड्ड्यांतून गेल्यावर मोटार लागलीच स्थिर न होतां पाळण्यासारखी डोलत राहिली, तर तिचे स्ट्रट थकले असें समजावें. अर्ल मॅक्फर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० सालीं ब्रिटनमध्यें फोर्ड कॉन्सल गाडीबरोबर लोकांपुढें आली. आपल्या रस्त्यांवर १९८३ पासून मारुति ८०० नें तिचा प्रसार केला.

स्प्रिंग धक्का झेलते व तिच्या आंतील तेलाची नळी उसळी आवरते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल सावकाश सरकतें, म्हणून हें घडतें. नळीवर तेल ओघळलें, कीं स्ट्रट बदलावा, आणि तोही दोन्ही बाजूंचा एकदम. एकच बदलणें ही काटकसर नव्हे.

आतां खरें भय सांगतों. बसविलेली स्प्रिंग दाबलेलीच असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नांवाच्या शिकंज्यानें ती आवळण्यापूर्वीं वरील मधला नट सोडल्यास ती एकाएकीं सुटते. हात जातो, प्रसंगीं प्राणही. म्हणून विद्यार्थ्यांनीं हें काम दुरून पाहावें, स्वतः करूं नये, असें आम्हांस वाटतें. शिकंजा आहे ना, हें गॅरेजमध्यें विचारण्यास पालकांनींही लाजूं नये. पुढें चाकांचें अलाइनमेंट तपासून घ्यावें. एरवीं नवे टायर एका कडेनें झिजूं लागतात.