दिल्लीची डिझेल गाडी भिंगारला आणायची: इनोव्हा की अर्टिगा?

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज विषय गाडीचा. आणि गाडीपेक्षा जास्त, कागदाचा.

भिंगारमध्ये राहणाऱ्याला बाहेरच्या नंबरप्लेटचं नवल नाही. कॅन्टोन्मेंट, आर्मर्ड कोअरचं सेंटर, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळे दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान अशा सगळ्या पाट्या आपल्या रस्त्यावर दिसतात. त्या बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं, की दिल्लीत डिझेल गाडी म्हणे स्वस्तात मिळते, आपणही एक आणू. माझ्या मामांच्या डोक्यातही तेच आलं. घरात सात माणसं. आजीला महिन्यातून एकदा पुण्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि दर वेळी भाड्याची गाडी करावी लागते. मामा निवृत्त झाले, त्यातून गाडीसाठी बाजूला काढले साडेपाच लाख. पुन्हा एवढे पैसे जमतील असं नाही. म्हणजे निर्णय एकदाच घ्यायचा आणि तो बरोबर घ्यायचा.

आधी एक गैरसमज: परदेशातून का नाही?

गेल्या भागानंतर दोघा-तिघांनी विचारलं, की दुबईत किंवा जपानमध्ये जुनी गाडी स्वस्त आहे, ती का आणू नये? उत्तर सोपं आहे. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि वर कस्टमचा कर गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. पाच-सहा लाखांच्या बजेटमध्ये हा विषय इथेच संपतो. आपल्यासाठी 'इम्पोर्ट' म्हणजे दुसऱ्या राज्यातून आणणं.

दिल्लीत स्वस्त का?

७ एप्रिल २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. १ जानेवारी २०२२ ला दिल्ली सरकारने एक लाखाहून जास्त अशा डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द केली. २०२५ मध्ये पंपावर डिझेल बंद करायचा प्रयोग झाला, लोक चिडले, तो थांबला. मग कोर्टाने ऑगस्टमध्ये मालकांवर कारवाई नको असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं.

या सगळ्याचा अर्थ काय? तिथल्या मालकाच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. आज नियम सैल, उद्या घट्ट. त्यामुळे गाडी नऊ-दहा वर्षांची झाली की तो विकायला बघतो. आपल्याकडे मात्र खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, नंतर फिटनेस बघून पाच-पाच वर्षं वाढते. तिथे जिचं आयुष्य संपत आलंय, तिची आपल्याकडे निदान पाच वर्षं शिल्लक आहेत. स्वस्ताईचं सगळं गुपित एवढंच.

एक फायदा आणखी. दिल्लीत २०१० पासून बीएस-४ लागू होतं. मुंबई-पुण्यासारखी काही शहरं सोडली तर उरलेल्या देशात ते सगळ्यांना लागू झालं २०१७ मध्ये. म्हणजे २०१५ ची दिल्लीची गाडी बीएस-४ असते, तेव्हा आपल्याकडे घेतलेली तीच गाडी बीएस-३ असू शकते.

दोन गाड्या समोर

मामांच्या मोबाइलवर दोन गाड्या शॉर्टलिस्ट होत्या. एक २०१५ ची टोयोटा इनोव्हा, जुनी, क्रिस्टाच्या आधीची. मागणी सव्वापाच लाख. दुसरी २०१६ ची मारुती अर्टिगा डिझेल, मागणी चार लाख दहा हजार.

इनोव्हा आपल्याला नवी नाही. २००५ मध्ये आली, २.५ लिटरचं डी-४डी इंजिन, १०२ पीएस ताकद. ट्रकासारखी खाली चासी, त्यावर बॉडी, आणि जोर मागच्या चाकांना. वजन दीड टनाच्या वर. सात माणसं, सामान, एसी चालू, समोर करंजी घाट, तरी गाडी कुरकुर करत नाही. तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसू शकतो. आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात उभं.

अर्टिगा २०१२ ची. तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, टाटाच्या काही गाड्या, सगळीकडे हेच इंजिन गेलं, म्हणून त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. ताकद ९० पीएस, गाडीचं वजन साधारण सव्वा टन. २०१५ च्या शेवटी एसएचव्हीएस नावाची छोटी हायब्रिड सोय आली, तिने अ‍ॅव्हरेज आणखी सुधारलं. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल बंद केलं, पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की पार्ट आणि मेकॅनिक दोन्ही सहज मिळतात.

तिच्या दोन उणिवा आहेत. इंजिन छोटं आहे, त्यामुळे भरल्या गाडीत चढावर टर्बो लागेपर्यंत ती जरा आळस करते, गिअर खाली टाकावा लागतो. आणि तिसरी रांग उघडली की डिकीत जागा उरते १३५ लिटर. दोन बॅगा म्हणा, तिसरी मांडीवर.

पैशाचं गणित

मामा वर्षाला साधारण १५,००० किलोमीटर चालवतील असं धरलं. डिझेल ९० रुपये लिटर. जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज विसरा, रोजच्या वापरातलं धरा: इनोव्हा ११, अर्टिगा १७.

इनोव्हाला वर्षाला लागतं सुमारे १,३६४ लिटर, म्हणजे १ लाख २३ हजार. अर्टिगाला ८८२ लिटर, म्हणजे ७९ हजार. फरक वर्षाला ४३-४४ हजार. पाच वर्षांत दोन लाखांच्या वर!

मामा म्हणाले, "अरे, पण इनोव्हा विकताना पैसे जास्त येतील ना."

मी म्हटलं, "येतील ना मामा. पण आज लाखभर जास्त देऊनच ती घेताय तुम्ही. विकताना ते लाख परत आले असं धरलं, तरी डिझेलचे दोन लाख गेलेच."

त्यात दुरुस्ती. इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो, तो लाख-दीड लाख किलोमीटरच्या टप्प्यावर बदलावाच लागतो. तुटला तर इंजिनचं काम निघतं. म्हणून 'बेल्ट कधी बदलला' याचं बिल मागा, तोंडी उत्तर चालत नाही. अर्टिगाला चेन आहे, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर ती सैल होऊन थंड इंजिन सुरू करताना खडखड आवाज येतो. दोन्ही गाड्यांत इंजेक्टर आणि टर्बो हे मोठ्या खर्चाचे भाग. दिल्लीची गाडी ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडलेली असते, त्यामुळे किलोमीटर कमी दिसले तरी क्लच आणि ईजीआर बघायचाच.

किंमत म्हणजे फक्त किंमत नव्हे

इथे बहुतेक जण फसतात. दिल्लीतल्या किमतीत हे मिळवा:

– महाराष्ट्राचा रोड टॅक्स. नव्या डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत तो १३ टक्के असतो आणि महाग गाडीला त्याहून जास्त. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण माफ होत नाही. आकडा एजंटकडून नको, आरटीओतून घ्या.
– दिल्ली ते नगर साधारण तेराशे किलोमीटर. डिझेल, टोल, मुक्काम, आणि बघायला जाण्याचं रेल्वेभाडं.
– नवी एचएसआरपी नंबरप्लेट, नवा फास्टॅग, इन्शुरन्स.
– आणल्यावर लगेचची सर्व्हिस, बहुतेक वेळा टायर आणि बॅटरी.

दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याला वेळ लागतो. तो हिशेबात धरू नका, आला तर बोनस.

ही सगळी बेरीज करून मग नगर-पुण्यातल्या तशाच गाडीची किंमत बघा. माझं मत विचाराल तर फरक लाखाच्या आत असेल तर इथलीच घ्या. एवढी दगदग लाखापेक्षा कमी पैशांत परवडत नाही.

कागद: खरी परीक्षा इथे

क्रमाने सांगतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. आरसी 'अ‍ॅक्टिव्ह' आहे का? दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल गाडीची नोंदणी रद्द झालेली असू शकते. नोंदणीची तारीख, बीएस-४, इन्शुरन्स, पीयूसी, थकलेली चलनं, सगळं बघा. इनोव्हा असेल तर ती आधी टॅक्सी होती का हे खास बघा.

दोन. पैसे द्यायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा: या सालची, या बीएसची दिल्लीची गाडी इथे नोंदवून घ्याल का? हो म्हणाले तरच पुढे.

तीन. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ती आरसीवर ज्याचं नाव आहे तोच काढू शकतो, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. म्हणून 'मालक परदेशात आहे, मीच बघतो सगळं' असं कोणी म्हणालं की उठायचं.

चार. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. आरसीवरून बँकेचं नाव निघाल्याशिवाय बाकीची रक्कम द्यायची नाही.

पाच. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. चोरीची गाडी नाही याचा एनसीआरबीचा रिपोर्टही काढून ठेवा. लोक म्हणतात 'बाहेरचा नंबर वर्षभर चालतो'. ते बदली होऊन आलेल्या मालकासाठी. तुम्ही गाडी विकत घेतली असेल तर खरेदीदार म्हणून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

सहा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते बंधनकारक आहे. गाडी बीएच नंबरची असेल, तर तुम्ही त्या सिरीजला पात्र नसल्यास साधा नंबर घेऊन इथला टॅक्स भरावा लागेल.

मग मामांनी काय ठरवलं?

आम्ही कागदाची चाळणी लावली. इनोव्हाच्या आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. विकणारा म्हणाला, "कर्ज फिटलंय, कागद येतील, तोवर पन्नास हजार टोकन टाका." मामांना इनोव्हाच मनातून हवी होती, हे मला दिसत होतं. पण आधी कागद, मग टोकन, यावर ते ठाम राहिले. आठ दिवस वाट पाहिली, कागद आले नाहीत.

आणि खरं निर्णायक होतं ते घरातलंच. मी मामींना विचारलं, सातही जण एकदम किती वेळा जाता? त्या म्हणाल्या, "मोहट्याला नवरात्रात, एखादं लग्न, नाहीतर शिर्डी. वर्षातून चार-पाच वेळा." बाकी दिवस चौघंच. दर महिन्याला पुण्याला जातात तेही चौघं, आणि त्यात आजी. आजीचे गुडघे दुखतात. इनोव्हाचा तळ उंच, चढताना पाय उचलावा लागतो. भिंगारमधल्याच एका ओळखीच्यांच्या दोन्ही गाड्यांत आजीला बसवून बघितलं. अर्टिगात ती स्वतःहून बसली, इनोव्हात दोघांनी हात दिला. तेवढ्यात मामांचं ठरलं.

अर्टिगाची आरसी स्वच्छ होती, सर्व्हिसचा रेकॉर्ड जुळत होता, चेनचा आवाज नव्हता. टोकन दिलं, बाकी रक्कम एनओसी हातात आल्यावर. टॅक्स आणि कामासाठी मामांनी बजेटमधले पैसे वेगळे ठेवले होते, म्हणून शेवटी पळापळ झाली नाही.

तुमच्यासाठी थोडक्यात

रोज सात-आठ माणसं, घाट, जड सामान, आणि वर्षाला किलोमीटर कमी? इनोव्हा. टायमिंग बेल्टचं बिल आणि टॅक्सीचा इतिहास तपासून.

घरात चार-पाच जण, अधूनमधून सात, किलोमीटर जास्त, म्हातारी माणसं बरोबर? अर्टिगा.

वयाचाही हिशेब ठेवा. २०१५ ची गाडी २०३० मध्ये पंधरा वर्षांची होईल. पुढे नोंदणी वाढवायची तर फिटनेस, पर्यावरण कर, आणि २०२२ पासून ६०० ची ५,००० झालेली फी. दिल्लीची गाडी आणणं म्हणजे जास्तीत जास्त पाच-सात वर्षांचा सौदा, असं धरूनच भाव करा. कागद पूर्ण नसेल तर दोन्ही गाड्या सोडून द्या. गाड्या दिल्लीत रोज विकायला येतात, साडेपाच लाख रोज येत नाहीत.

तुमच्या शॉर्टलिस्टमधल्या दोन गाड्या कोणत्या? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, आणि टोकन देताना त्याहूनही सावकाश!