चित्रांच्या छापील प्रती : मूल्यनिश्चिती, मांडणी व विक्री
(माहीम परिसरातील चित्रकारांच्या संदर्भात)

प्रस्तावना : दिवाळी अंक, मुखपृष्ठे व पाठ्यपुस्तके यांसाठी चित्रे काढणाऱ्या चित्रकारास बहुधा एकदाच मानधन मिळते. त्याच चित्राच्या स्वाक्षरीयुक्त प्रती विकणे हा उत्पन्नाचा दुसरा मार्ग होय. प्रस्तुत लेखात या मार्गाच्या व्यावहारिक बाजूंचा विचार केला आहे.

पूर्वानुभव : राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला, पुढे तो मळवली येथे हलविण्यात आला. त्यांची देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली, तरीही छापखाना कर्जात गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. लोकप्रियता म्हणजे नफा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यनिश्चिती : उदाहरणादाखल, २५ प्रतींच्या मर्यादित आवृत्तीपैकी २० विकल्या जातील असे धरू. प्रती मागणीनुसार छापल्यास प्रत्येकी कागद व छपाई ३०० रुपये, माउंट व वेष्टन १५० रुपये. चित्रास लागलेल्या ४० तासांचे श्रममूल्य ताशी ३०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ६००. एकूण खर्च १,०५० रुपये. कलादालनाचे एक-तृतीयांश कमिशन गृहीत धरल्यास किंमत किमान १,५७५ रुपये ठेवावी लागते. थेट ग्राहकासही तीच किंमत सांगावी. अन्यथा दालनाचा विश्वास गमावला जातो.

मांडणी : आम्लरहित कागदावर, प्रतिमेखाली पेन्सिलीने प्रतक्रमांक (जसे ३/२५), शीर्षक व स्वाक्षरी असावी. ठरलेली संख्या पुढे वाढविणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते. माहीमसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत पावसाळी दमटपणाने कागदावर बुरशी येते. म्हणून प्रती सपाट, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि फ्रेमच्या काचेस कागद चिकटू नये यासाठी माउंट वापरावे.

विक्री व हक्क : पश्चिम रेल्वेने चर्चगेट गाठल्यास १९५२ साली सुरू झालेले जहांगीर कलादालन व १९९९ पासूनचा काळा घोडा महोत्सव ही ठिकाणे जवळच आहेत. तथापि प्रत विकल्याने प्रतिमाधिकार विकला जात नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हा अधिकार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. त्याचे हस्तांतरण लेखीच हवे; करारात मुदत नसल्यास ती ५ वर्षे व क्षेत्र नसल्यास भारत समजले जाते. नोकरीत काढलेल्या चित्राचा अधिकार मात्र, अन्यथा करार नसल्यास, सामान्यतः मालकाचा असतो.

समारोप : कलाशाखेच्या विद्यार्थ्यास रेषेचे शिक्षण मिळते, हिशेबाचे व कराराचे क्वचितच मिळते. वाणिज्य व कला विभागांनी एकत्रितपणे ही उणीव भरून काढल्यास चित्रकाराला आपल्याच चित्राच्या उत्पन्नापासून वंचित राहावे लागणार नाही.