अग्निबाणाचे पोट

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. देवस्थानामुळे ख्यात असलेल्या या गावाच्या सभोवार, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत जो कापूस पिकतो त्याचे अग्निबाणाशी काही नाते आहे, असे तेथील एखाद्या कास्तकाराला सांगितले, तर तो ते थट्टेवारी नेईल. पण नाते आहे. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते ती यंत्राने खरवडून काढतात, आणि शुद्ध केलेल्या त्या लवेवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची क्रिया घडविली म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार होते: दिसायला कापूसच, परंतु ठिणगी लागताच भडकून जवळजवळ राखही मागे न ठेवणारा. शोनबाइन या रसायनज्ञाने १८४६ साली हा पदार्थ प्रसिद्धीस आणला. पुढे त्यात नायट्रोग्लिसरीन मुरवून कॉर्डाइट निर्माण झाले, आणि सोरा, गंधक व कोळसा यांच्या पुरातन दारूचा अंमल ओसरू लागला.

त्या पुरातन दारूच्या बाणांची ओळख या मुलखाला चांगलीच होती. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानात निजामाचे घोडदळ मराठ्यांवर चालून आले, तेव्हा एकीकडून शिंद्यांचा फ्रेंच सेनानी पेराँ याच्या तोफा व दुसरीकडून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेने केलेला बाणांचा वर्षाव यांनी त्याची दाणादाण उडविली, असा वृत्तांत इतिहासकार ग्रँट डफने दिला आहे. परभणीचा प्रांत त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत असल्यामुळे येथल्या माणसांनी हा वर्षाव झेलणाऱ्या बाजूने पाहिला असावा. लोखंडी नळीत दारू ठासली म्हणजे अधिक दाब सोसला जातो व बाण लांब जातो, ही गोष्ट म्हैसूरच्या हैदर व टिपूच्या कारागिरांनी सिद्ध करून दाखविली, आणि त्यांच्या बाणांचे नमुने पाहूनच इंग्लंडात काँग्रेव्हने आपले प्रयोग आरंभिले. नेम मात्र तेव्हा बेभरवशाचा होता.

आजच्या अग्निबाणाच्या पोटातील घन प्रणोदकाच्या, म्हणजे जळून बाणाला पुढे लोटणाऱ्या घन द्रव्याच्या, मोटरचा सरंजाम पाहावा तर तो विस्मय वाटावा इतका अल्प आहे: एक बळकट नळकांडे, त्यात भरलेले प्रणोदक, ते पेटविणारा प्रज्वलक आणि मागे निमुळते होऊन पुन्हा रुंदावणारे नॉझल. द्रव इंधनाच्या एंजिनाला झडप मिटून थांबविता येते. ही मोटर एकदा पेटली की उदरातील द्रव्य संपेतो तिला आवर घालण्याची काहीच तजवीज नसते. पोखर्णीच्या देवाचा उग्रावतार शमविण्यास निदान प्रल्हाद तरी होता. म्हणून जे काही ठरवायचे ते पेटविण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि ते ठरते मुख्यत्वे प्रणोदकाच्या मधोमध राखलेल्या पोकळीच्या आकाराने. पोकळी वाटोळी असेल तर जळता जळता तिचा परीघ वाढतो, पेटलेला पृष्ठभाग वाढतो व दाब चढत जातो. तीच तारकाकृती ठेवली तर टोके झिजत जाऊन पृष्ठभाग बहुतांशी कायम राहतो व जोर सम राहतो. आत केसाएवढी भेग राहून गेली, तर ज्वाला त्या भेगेत शिरते, हिशेबाबाहेरचा पृष्ठभाग पेटतो आणि नळकांडे फुटते.

हा हिशेब महाराष्ट्रात जेथे प्रामुख्याने मांडला गेला, ती पुण्याच्या सुतारवाडीची प्रयोगशाळा मूळची येथली नव्हे. १९०८ साली नैनितालला उघडलेल्या रासायनिक परीक्षकाच्या दप्तरापासून तिची परंपरा सुरू होते. १९६० साली स्फोटक पदार्थांची संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती उभी राहिली आणि १९९५ पासून उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा ठिकाणी आत शिरण्यापूर्वी अंगातील स्थिर विद्युत उतरावी म्हणून धातूच्या पट्टीला हात लावावा लागतो, कपडे सुती असावे लागतात, आणि हत्यारे ठिणगी न पाडणाऱ्या धातूची असतात. अमोनियम परक्लोरेटचे पांढरे स्फटिक, अॅल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे द्रव्य यांचा करडा, दाट लगदा घोळला जात असताना त्याच्याजवळ कोणीही उभे राहत नाही. जाड भिंतीपलीकडे बसलेले कामगार पडद्यावर पाहून यंत्र चालवितात. घट्ट करणारे द्रव्य मिसळले की अवघे काही तास हाती असतात. तेवढ्यात निर्वातात तो लगदा नळकांड्यात ओतावा लागतो, आणि मग अनेक दिवस मंद उष्णतेत ठेवून तो पक्का होऊ द्यावा लागतो. पोकळीसाठी मध्ये उभा केलेला साचा हलकेच ओढून काढणे हे सर्वांत नाजूक काम; त्यानंतर क्ष-किरणांनी भेगा व बुडबुडे शोधतात. या धंद्यातील जोखीम कागदावरची नाही. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगार प्राणास मुकले.

पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनाने १९८६ मध्ये हाती घेतलेला ‘पिनाक’ हा अग्निबाण-प्रक्षेपक या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत प्रसिद्ध फलविशेष होय. त्याच्या अग्निबाणाचा व्यास २१४ मिलिमीटर. एका गाडीवरून असे बारा बाण ४४ सेकंदांत सुटतात. मूळ पल्ला सुमारे ३८ किलोमीटर असून मार्गदर्शित आवृत्तीचा ७५ किलोमीटरपर्यंत गेला आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात तो वापरण्यात आला. अंबाझरीची निर्माणी व नागपूरचा एक खासगी कारखाना यांचा त्याच्या उत्पादनाशी निकटचा संबंध आहे. रघूजींच्या बाणदारांची नागपूरनगरी दोनशे वर्षांनी पुन्हा बाणांची व्हावी, या योगायोगाला मी तरी इतिहासाचे नियोजन समजत नाही. पण गंमत वाटतेच.

मोटरचे दुसरे, शांततेचे घराणे केरळातील थुंब्याच्या अवकाश केंद्राचे. पहिला ‘रोहिणी’ बाण २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडाला, तेव्हा त्याच्या पोटात कॉर्डाइटच होते. त्याच वर्षी पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर तेथे रुजू झाले आणि प्रणोदक परदेशातून विकत न आणता येथेच घडविण्याच्या कामाचे एक प्रमुख सूत्रधार ठरले. एरंडेलापासून बंधक द्रव्य बनविण्याचा यशस्वी प्रयोगही त्या संस्थेत झाला. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ ने घन प्रणोदकाच्याच चार टप्प्यांवर उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा गोवारीकर त्या केंद्राचे संचालक होते. पुढे पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन प्रणोदक मावू लागले. त्याची पोलादी आवरणे घडविणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखानाही आहे, जेथे एके काळी साखरेच्या गिरण्यांची यंत्रे हाच मुख्य व्यवहार होता. मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र गोवारीकर हे नाव ठाऊक झाले ते मोसमी पावसाच्या सोळा निकषांच्या अंदाजामुळे.

मोटरची परीक्षा जमिनीला जखडून घेतात, परंतु परीक्षेत जळालेली मोटर पुन्हा उडत नाही, आणि जी उडते ती त्यापूर्वी कधीच पेटलेली नसते. यास्तव प्रत्येक घाण्यातील नमुने निराळे काढून जपून ठेवतात. बाण वर्षानुवर्षे कोठारात पडून असतो, तोवर त्याच घाण्यातील पट्ट्या ठरावीक मुदतीने ताणून व जाळून पाहतात; रबर कडक झाले, ताण सोसेनासे झाले, की त्या घाण्याचे सर्व बाण दप्तरातून कमी करून नष्ट करण्याचा हुकूम निघतो.