गाठीची परीक्षा

स्तनांत गाठ लागली कीं घरांत पहिला शब्द उच्चारला जातो तो शस्त्रक्रियेचा. परंतु त्याआधीं एक प्रश्न सुटला पाहिजे: ही गाठ कर्करोगाची आहे काय? बहुतेक गाठी तशा नसतात. मात्र त्याचा निर्णय गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होतो. या परीक्षेस बायॉप्सी म्हणतात.

सुमारें १९७० पर्यंत ही परीक्षा भयंकर असे. स्त्रीस गुंगी देऊन गाठ काढीत, तेथल्या तेथें तपाशीत, आणि कर्करोग ठरल्यास त्याच वेळीं स्तनही काढून टाकीत. आपलें काय झालें हें तिला शुद्धीवर आल्यावरच कळे.

आतां हें काम सुई करते. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ आणि सुई दोन्ही पाहत, डॉक्टर सुमारें दोन मिलिमीटर जाडीच्या पोकळ सुईनें बारीक तुकडे काढतात. हातास न लागणारे ठिपके मॅमोग्राफीच्या किंवा एम. आर. आय.च्या चित्रावरून गांठतात. टाका बहुधा लागत नाहीं. बाई त्याच दिवशीं घरीं जाते. चित्र एक सांगत असेल आणि तुकडा दुसरें, तर मात्र परीक्षा पुन्हां करावी लागते.

ज्यांच्या आईस वा बहिणीस हा रोग झाला, किंवा ज्यांच्या अंगीं १९९४-९५ सालीं सांपडलेल्या दोन जनुकांचा दोष आहे, त्यांची तपासणी लवकर व वारंवार होते. साहजिकच संशयाच्या जागाही अधिक निघतात. प्रत्येक संशयास सुरी लावावी लागत नाहीं, हा सुईचा मोठा उपकार होय.

बारामती-इंदापूरकडील बाईस पुणें शंभर किलोमीटर वा त्याहून दूर. शेतीचा हंगाम, मुलांच्या परीक्षा, आणि "सुई लागली कीं रोग पसरतो" हें भय, यांत महिने जातात. तें भय अनाठायीं आहे. खरें नुकसान विलंबानें होतें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें दीड लाखांवर स्त्रियांची वीस वर्षें पाहणी करून २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षित सेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासलेल्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारें तीस टक्के कमी आढळले.

हात गाठ शोधतो, सुई तिचें स्वरूप ठरविते. या दोहोंमध्यें दिवस कमी जावेत, एवढें तरी घरच्या मंडळींच्या हातीं आहे.