परिचालन प्रणालीचा पुनरुद्धार

परिचालन प्रणालीची आवृत्ती बदलण्याचे काम मध्येच खंडित झाल्यामुळे निकामी झालेला संगणक पुन्हा कार्यक्षम करण्याची प्रक्रिया. संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरणाऱ्याच्या आज्ञावल्या यांमध्ये राहून स्मृती, चकत्या व इतर साधने यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावल्यांच्या संचास परिचालन प्रणाली म्हणतात.

खंडनाची कारणे व परिणाम : आवृत्तिबदल एका क्षणात घडून येत नाही, ती शेकडो लहान कृतींची मालिका असते. विद्युत् पुरवठा बंद पडणे, चकतीवरील जागा संपणे किंवा पडदा स्थिर दिसल्याने वापरणाऱ्याने यंत्र बंद करणे या कारणांनी ही मालिका तुटते. तेव्हा काही फाइली नव्या व काही जुन्या राहतात, त्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही आणि पुष्कळदा संगणक सुरूच होत नाही. तथापि वापरणाऱ्याची कागदपत्रे, छायाचित्रे इ. सामान्यतः वेगळ्या निर्देशिकेत असल्याने बहुधा सुरक्षित असतात. ती नष्ट होतात ती बव्हंशी नंतरच्या घाईने, म्हणजे चकती पुसून प्रणाली नव्याने बसविल्यामुळे.

नोंदींचे महत्त्व : पुनरुद्धार शक्य होतो तो मुख्यतः प्रणालीने ठेवलेल्या नोंदींमुळे. १९९३ मध्ये इअन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तीत प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ या रूपात येते व डीपीकेजी ही आज्ञावली ते बसविते. पॅकेज प्रथम उलगडले जाते व नंतर त्याची जुळणी केली जाते. प्रत्येक पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद चकतीवर होते. त्यामुळे काम कोठे थांबले, हे नंतर कळू शकते.

कार्यपद्धती : संगणक सुरू होत असल्यास डीपीकेजीला अपुऱ्या राहिलेल्या सर्व पॅकेजांची जुळणी पूर्ण करण्याचा आदेश देतात आणि त्यानंतर एपीटी या आज्ञावलीकडून पॅकेजांचे तुटलेले परस्परावलंबन दुरुस्त करून घेतात. नवा गाभा (कर्नल) चालत नसेल, तर प्रारंभीच्या यादीतून जुना गाभा निवडून पाहतात. तोही चालत नसल्यास यूएसबी साधनावरील परिचालन प्रणालीने संगणक सुरू करतात. मूळ चकती केवळ वाचता येईल अशा रीतीने जोडून प्रथम कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढतात. चकतीवरील मजकूर कूटबद्ध असल्यास त्याची किल्ली लागते. त्यानंतर चकती विलग करून फाइल व्यवस्थेची तपासणी करतात. शेवटी चकती लेखनक्षम रीतीने पुन्हा जोडून, तिच्यावरील प्रणालीस मूळ निर्देशिका मानून, खंडित काम पुढे नेतात. डेबियनमध्ये जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची अधिकृत सोय नसल्याने मागे फिरण्यापेक्षा काम पूर्ण करणे श्रेयस्कर ठरते. हे सर्व उपाय निष्फळ झाल्यावरच प्रणाली नव्याने बसवावी लागते.

प्रतिबंध : आवृत्तिबदलापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची स्वतंत्र प्रत काढणे, चकतीवर पुरेशी जागा असल्याची खात्री करणे आणि विद्युत् पुरवठ्याची पर्यायी सोय ठेवणे आवश्यक असते. काही फाइल व्यवस्थांत बदलापूर्वीच्या स्थितीची प्रतिमा जतन करता येते. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून प्रणालीचे दोन संच ठेवण्याची सोय झाली. एक संच वापरात असताना दुसऱ्यावर नवी आवृत्ती बसविली जाते; ती सुरू न झाल्यास उपकरण पहिल्या संचाकडे परतते. अशा रचनेत काम मध्येच थांबले, तरी चालू असलेल्या प्रणालीस धक्का लागत नाही. वापरणाऱ्याच्या फाइलींच्या दोन प्रती मात्र या योजनेत ठेवल्या जात नाहीत. त्यामुळे त्यांची स्वतंत्र प्रत काढण्याची गरज कायम राहते.