कोरड्या हवेवर जगणारं गाव

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागं पडलं की बालाघाटाच्या पठारावरची हवा अंगाला कळू लागते. कोरडी, ओठ फुटतील अशी. दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं, मधेच उघडा माळ, आणि मग रस्त्याच्या कडेनं फटाक्यांची दुकानं. दिवाळी नसतानाही ती उघडी असतात, आणि गाड्या थांबवून लोक खरेदी करतात. हे तेरखेडा. वाशी तालुक्यातलं, धाराशिव जिल्ह्यातलं. शोभेच्या दारूसाठी मराठवाड्यात हे नाव माहीत नसलेला माणूस विरळा.

एकाच धंद्यावर उभी असलेली गावं मला नेहमी ओढून नेतात. रायचूर जिल्ह्यातलं हट्टी तसंच. हट्टीच्या जमिनीखाली सोनं आहे, म्हणून त्या उजाड मुलखात खाण खोदली गेली, कामगारांची वसाहत झाली, बाजार भरू लागला. तेरखेड्याच्या जमिनीखाली मात्र काळा कातळ. इथली खाण जमिनीवर आहे, ती म्हणजे ही हवा. जी पिकं करपवते, विहिरी आटवते, तीच दारूकामाला मानवते. तमिळनाडूतलं शिवकाशी फटाक्यांचं मोठं केंद्र झालं तेही अशाच कमी पावसाच्या, शेतीवर भागत नसलेल्या भागात.

कारखाना म्हटल्यावर डोळ्यांसमोर धुराडं येतं. इथं तसलं काही नाही. वस्तीपासून लांब, माळावर, एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या छोट्या छोट्या खोल्या. एकीत काही घडलं तर दुसरीपर्यंत पोचू नये, म्हणून हे अंतर. आत जाण्याआधी काडेपेटी आणि मोबाइल बाहेर ठेवायचा. अंगावर सुती कपडे, कारण नायलॉन-टेरिकॉट घासलं की ठिणगी पडू शकते. दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. खाली रबरी चटई. दारू भरण्याच्या खोलीत एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं नकोत, असा नियम आहे. बाहेर पाण्याची पिंपं आणि वाळूच्या बादल्या.

मसाला कालवायचा तो सकाळच्या थंड वेळेला. सोरा, गंधक आणि ॲल्युमिनियमची चंदेरी भुकटी. वेगवेगळे ठेवले तर तिन्ही गरीब. एकत्र आले की घर्षणही त्यांना पुरतं. म्हणून ते काम फार थोड्या, मुरलेल्या हातांकडे असतं, आणि त्या वेळी कुणी मोठ्यानं बोलतही नाही. कालवलेला मसाला त्याच दिवशी संपवायचा, रात्रीवर ठेवायचा नाही.

मी जास्त वेळ थांबलो ते सुतळी गुंडाळणाऱ्या बायकांपाशी. सुतळी बॉम्बचा जीव या कामात आहे, हे तिथं बसल्यावरच समजतं. कागदाच्या डबीत दारू भरून तोंड बंद झालेलं. डावा हात डबी फिरवतो, उजवा सुतळी ताणून धरतो. पहिले वेढे उभे, मग आडवे, मग कोपरे झाकणारे तिरपे. चौकोनी डबी बघता बघता गोल होत जाते. एका बाईच्या तर्जनीवर सुतळीनं कायमचा चर पडला होता, जात्याच्या खुंट्यानं जुन्या बायकांच्या तळव्याला घट्टा पडायचा तसा. तिनं शेजारणीचा एक नग उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि काही न बोलता परत तिच्या पुढ्यात ठेवला. शेजारणीनं तो उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

ती तपासणी आवाजाची होती. दारू नुसती उघड्यावर पेटली तर भुस्सकन जळून जाते. तिचा वायू कोंडला गेला, आणि कोंडणारी भिंत शेवटपर्यंत टिकून एकदम फुटली, तरच कानठळ्या बसतात. ही भिंत सुतळीची. वेढा सैल पडला की बार फुसका. म्हणजे दिवाळीच्या पहाटे शहरात जो दणका उडतो, तो या बाईच्या बोटांत मोजलेला असतो. गुंडाळून झालं की वरून खळ चढते, मग नग उन्हात वाळतात. वात बसवायला भोक पाडतात तेही पितळी किंवा लाकडी टोच्यानं. लोखंडाला इथं बंदी.

वाळवणीच्या वेळी सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. एरवी या तालुक्यात ढग दिसला की जीव सुखावतो, इथं धास्तावतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रणाला ओल लागली तर ते आतल्या आत तापू लागतं आणि काडी न लावता पेटू शकतं. विजेचं भय वेगळंच. स्फोटाच्या बातम्या या गावानं पुन्हा पुन्हा सोसल्या आहेत. त्यात गेलेल्यांत रोजंदारीची माणसं असतात, आणि बातमी दोन दिवसांत विरते, याचा मला राग येतो.

दारूचं आणि या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि विजापूरला जाण्याआधी इथल्याच परंड्याच्या किल्ल्यावर होती. किल्ल्यावरची दारू राजाच्या हुकमानं सांभाळली जायची, आजची १८८४ च्या स्फोटक कायद्यानं आणि २००८ च्या नियमांनी. देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था, पेसो, हिचं मुख्यालय नागपुरात. कमी धुराचे ‘हरित’ फटाके विकसित करणारी नीरी ही संशोधन संस्थाही नागपूरचीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बेरियमचे क्षार आणि लांबलचक माळा यांना मनाई केली. आवाजाची मर्यादा त्याआधीपासून आहे, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. हवा आणि कान वाचले पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण प्रत्येक बदलात नवा मसाला, नवी परीक्षा, नवा परवाना येतो. मोठा कारखानदार ते पेलतो, माळावरच्या छोट्या कारखान्याची दमछाक होते. नियम कडक असावेत आणि ते शिकवायला कुणीतरी या माळावर यावं, एवढं मागणं रास्त आहे. त्याबरोबर कामावरच्या प्रत्येक बाईचं नाव हजेरीत हवं आणि तिचा विमा हवा. नाव हजेरीत नसेल तर अपघातानंतर भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

याच परिसरात कुंथलगिरी-सरमकुंडीकडे खव्याच्या भट्ट्या पेटतात. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून एकानं दूध आटवलं, दुसऱ्यानं सोरा कुटला. सुतळीवाल्या बायकांना विचारलं, की खव्याच्या भट्टीवर का जात नाही? त्यांचा हिशेब सरळ होता. तिथं घरचं दूध लागतं, म्हणजे म्हैस लागते, म्हशीला चारा-पाणी लागतं. इथं हात पुरतात. दिवाळीनंतरही लग्नसराई, गावोगावच्या जत्रा आणि मिरवणुकांची मागणी असते, आणि शेतात मजुरी नसते त्या महिन्यांतही हाताला काम मिळतं. खुरपणी निघाली की यातल्या काही जणी रानात जातात, आणि सुगी आटोपली की पुन्हा सुतळीवर येतात.